डबा मुलांचा, मग मुलांपासून लांब का ठेवायचा?

पत्र :
"ताई, आम्ही राजारामपुरीत राहतो. मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. मुलगी ३ वर्षांची. मी नोकरीला जाते, दिवसभर मुलं सासूबाईंकडं असतात. नणंद न्यू जर्सीत असते. यंदा येताना तिनं मुलांसाठी व्हिटॅमिनच्या गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, आणल्या. त्या डब्याचं झाकण दाबून फिरवावं लागतं, सासूबाईंना जमेना, म्हणून त्यांनी सगळ्या गमी बिस्किटांच्या बरणीत काढून ठेवल्या. गेल्या आठवड्यात मुलीनं ती बरणी ओढली आणि कुणाचं लक्ष जाईपर्यंत मूठभर खाल्ल्या. तिला काही झालं नाही. पण नंतर रिकामा डबा वाचला तर त्यावर 'मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा' असं इंग्रजीत लिहिलंय. डबा मुलांचाच, मग ही सूचना कशाला? दुसरं, आमचे मिस्टर जिमला जातात. मुलगा किडकिडीत आहे म्हणून त्यांची प्रोटीन पावडर त्याच्या दुधात घालू या म्हणतात. दुधात घालायची चॉकलेटी पावडर तर आहेच. यातलं काय ठेवू, काय बंद करू? आणि नणंदेला न दुखावता कसं सांगू?"
– एक आई, कोल्हापूर

उत्तर :
डबा टाकून दिला नाहीत, हे फार बरं केलंत. आत्ता तो हातात घ्या आणि मागच्या तक्त्यात 'आयर्न', म्हणजे लोह, आहे का ते बघा. बाकीचं सगळं नंतर.

मुलांच्या बऱ्याच गमींमध्ये लोह नसतंच, कारण ते घातलं की चव बिघडते आणि मूल गमी थुंकून टाकतं. तुमच्या डब्यात नसेल तर त्या दिवशीची गोष्ट बहुधा पोटदुखीपलीकडं गेली नसती. असेल, तर मूल आज हसतं-खेळतं असलं तरी डबा घेऊन एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून या. अमेरिकेच्या डब्यावर ओळखायची एक सोपी खूण आहे. लोह असलेल्या गोळ्यांवर तिथं चौकटीत छापलेला इशारा सक्तीचा आहे. लोहाच्या गोळ्या चुकून जास्त खाणं हे सहा वर्षांखालच्या मुलांच्या विषबाधेनं होणाऱ्या मृत्यूंचं एक प्रमुख कारण आहे, असं त्यात सरळ लिहिलेलं असतं. हा नियम तिथल्या औषध प्रशासनानं १९९७ मध्ये केला. त्याआधी लहान मुलं आईच्या गरोदरपणातल्या लोहाच्या गोळ्या गोड समजून खात होती आणि दगावत होती.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं, की ती सूचना नावापुरती छापलेली नाही. मुलाला रोज दोन गमी चालतात, आणि त्याच मुलाला वीस चालत नाहीत. डबा मुलांसाठी असला तरी किती द्यायच्या हे ठरवणारा हात मोठ्या माणसाचा हवा, एवढंच ते वाक्य सांगतं. गमी गोड केल्यात, अस्वलाच्या आकाराच्या केल्यात, रंगीत केल्यात. तीन वर्षांच्या पोरीनं त्या औषध समजून दोनच खाव्यात, ही अपेक्षा कुणी करू नये.

आता तुमच्या घरात नेमकं काय झालं ते बघू. सासूबाईंची चूक मी म्हणणार नाही. इंग्रजी त्यांना वाचता येत नाही असं धरते, आणि ज्यांच्या हातात दिवसभर डबा असतो त्यांच्याच भाषेत इशारा नाही. आपल्याकडच्या नियमातही लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरतं, मराठी ही कंपनीची मर्जी. त्यातून अक्षर इतकं बारीक, की चष्मा लावूनही डबा उजेडाकडं धरावा लागतो. आणि गमी बरणीत गेल्यावर तर तो इशारा, मात्रा, मुदत, सगळंच रिकाम्या डब्यावर राहिलं. उरली ती बिस्किटांशेजारची मिठाई.

म्हणून गोळ्या, गमी, पावडर काहीही असो, मूळ डब्यातच ठेवायची. डब्यावर पांढरी चिकटपट्टी लावा आणि मार्करनं मोठ्या मराठी अक्षरात लिहा : कुणाला, किती, कधी, आणि 'पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही'. झाकण त्यांना उघडत नसेल तर सकाळी कामावर जाताना तुम्हीच द्या. त्या झाकणावरही फार विसंबू नका. अमेरिकेत अशा झाकणाची चाचणी पाच वर्षांखालच्या मुलांवर होते, आणि कसं उघडायचं ते दाखवल्यावरही १०० पैकी ८० मुलांना दहा मिनिटांत उघडता आलं नाही, तर झाकण पास होतं. उरलेल्या २० मुलांत तुमची लेक नसेल, याची खात्री बरणी ओढणाऱ्या पोरीबद्दल तरी मी देणार नाही.

आणि एक बघा. गमीपेक्षा मला तुमच्या घरातल्या दुसऱ्या गोळ्यांची जास्त काळजी वाटते. घरात किंवा शेजारी कुणी गरोदर किंवा बाळंतीण असेल तर सरकारी दवाखान्यातून मिळणारी लाल गोळी असते. त्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या पुढं लोह गेलं की त्रास सुरू होऊ शकतो, आणि ६० च्या पुढं तो जिवावर बेतू शकतो. तुमची मुलगी १३ किलोची असेल तर हिशेब करा : पाच गोळ्यांत ३०० मिलिग्रॅम झाले. वरून साखरेचं आवरण असलेल्या चकचकीत गोळ्या, फ्रिजवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारी ठेवलेल्या. पाच खायला मुलाला कितीसा वेळ लागतो?

असं कधी झालंच, तर एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. लोहाच्या विषबाधेत आधी उलट्या, जुलाब, कधी रक्त पडतं. मग काही तासांनी मूल शांत होतं, झोपतं, आणि घरातले म्हणतात, 'उतरलं बघ'. याच वेळेला आत यकृतावर आणि रक्ताभिसरणावर परिणाम चालू असतो, आणि एखाद्या दिवसात मूल कोसळू शकतं. त्यामुळं बरं दिसतंय म्हणून थांबायचं नाही. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा जुना उपाय तर अजिबात करायचा नाही, मुलाला मीठच बाधतं. डबा किंवा पाकीट बरोबर घ्या, १०८ ला फोन करा किंवा रिक्षा करून सरळ सीपीआर रुग्णालयात न्या. किती खाल्ल्या, कधी खाल्ल्या आणि मुलाचं वजन किती, या तीन गोष्टी डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.

आता बेरजेकडं येऊ. बऱ्याच डब्यांवर 'दिवसाच्या शिफारस केलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये' असं लिहिलेलं असतं, पण ते लिहिताना कंपनी फक्त स्वतःचा डबा बघते. तुमच्या मुलाच्या पोटात किती डबे जातात हे तिला माहीत नाही. सकाळी गमी, दुधात चॉकलेटी पावडर जिच्यातही जीवनसत्त्वं घातलेली, मधल्या वेळी लोह आणि जीवनसत्त्वं मिसळलेले सिरियल, आणि आता वर प्रोटीन. शाळेचं वेगळंच. सरकारी शाळेत असेल तर पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी मिळते, तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. मुलगी अंगणवाडीत जात असेल तर तिथं तिला लोहाचं सिरप असतं, आणि पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 'अ' जीवनसत्त्वाचा मोठा डोस. या सरकारी मात्रा ठरवून, मोजून दिलेल्या आहेत, त्या बंद करू नका. त्यांच्यावर तुम्ही काय काय चढवताय ते मात्र मोजा.

कारण 'क' जीवनसत्त्व जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं, पण 'अ' आणि 'ड' अंगात साठतात. 'अ' जीवनसत्त्वाची तयार स्वरूपातली रोजची वरची मर्यादा चार ते आठ वर्षांच्या मुलाला ९०० मायक्रोग्रॅम आणि तीन वर्षांपर्यंत ६०० मायक्रोग्रॅम धरतात. गाजर-पालेभाजीतून मिळणारं यात येत नाही, तेव्हा भाजी कमी करू नका! 'ड' ची मर्यादा तुमच्या मुलाच्या वयात ३००० युनिट, मुलीच्या वयात २५००. दोन-तीन डबे एकत्र झाले की 'अ' ची मर्यादा गाठणं अवघड नाही. 'ड' च्या बाबतीत खरी भीती मोठ्यांच्या पुड्यांची. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर आठवड्यातून एकदा घ्यायला सांगतात, आणि कितीतरी घरांत ती गैरसमजानं रोज घेतली जाते. पोरांना ती आपल्या मनानं देऊच नका. 'ड' जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूल सारखं पाणी मागतं, वारंवार लघवीला जातं, पोट साफ होत नाही, ओकतं, मलूल होतं, आणि मूत्रपिंडावर ताण येतो.

डब्याच्या पुढच्या बाजूचं म्हणाल तर ती जाहिरात आहे. 'वाढीला मदत', 'उंची', 'बुद्धी', 'प्रतिकारशक्ती'. उंची वाढवणारं औषध अशी जाहिरात करायला आपल्याकडं १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. खाद्यपदार्थ म्हणून विकणारे मग 'मदत करतं' असं गुळमुळीत लिहितात. मागच्या बाजूला त्याच कंपनीला 'औषधी वापरासाठी नाही' आणि 'वैविध्यपूर्ण आहाराला पर्याय नाही' असं छापावं लागतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी हेल्थ सप्लिमेंटवर ही वाक्यं सक्तीची केलीत. पुढची बाजू आणि मागची बाजू भांडत असतील तर मागचीवर विश्वास ठेवा. पुढची माल खपावा म्हणून लिहिलेली असते, मागची कायद्याच्या धाकानं.

बारीक अक्षरातला इशारा पुरेसा असतोच असंही नाही. 'ओआरएस' नावानं विकल्या जाणाऱ्या गोड पेयांचं घ्या. जुलाब झालेल्या मुलाला लोक विश्वासानं ती पाजत होते, आणि डब्यावर कुठंतरी 'हे जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणं ओआरएस नाही' अशी ओळ असली की नियमात चालायचं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं याविरुद्ध भांडल्या, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये प्राधिकरणानं ती सवलत काढून घेतली : सूत्राप्रमाणं नसेल तर नावातच ओआरएस लिहायचं नाही. त्याआधी एप्रिल २०२४ मध्ये माल्टच्या, दुधाच्या पावडरी ऑनलाइन 'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकू नका, असंही सांगून झालं, कारण कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. तुमची चॉकलेटी पावडर त्याच वर्गातली. तिच्या घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, त्यामुळं साखर दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला आली तर तुम्ही काय विकत घेतलंय ते कळेल. दुधाला चव म्हणून एखादा चमचा घालायचा तर घाला, पोषण म्हणून घालू नका. हळूहळू कमी करत बंद केलीत तर आणखी उत्तम.

आता मिस्टरांची पावडर. हे त्यांनाच वाचून दाखवा.

भाऊ, सात वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण २३ ग्रॅम प्रथिनं लागतात, हा राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा आहे. तुमच्या डब्यातल्या एका स्कूपमध्ये जवळजवळ तेवढी असतात. पण पोरगं उपाशी नाही. दोन कप म्हशीचं दूध, एक अंडं, वाटीभर मटकीची उसळ, आणि भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी, एवढ्यात त्याचे २३ पुरे होऊन वर उरतात. अशा बऱ्याच डब्यांवर '१८ वर्षांखालील मुलांसाठी नाही' असंही लिहिलेलं असतं, तुमचा एकदा उलटा करून बघा. त्याच संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं मोठ्यांनाही सांगितलंय, तो वाद आपण नंतर घालू. हे गाव तालमींचं आहे. इथं खासबागेत कुस्त्या मारणारे पैलवान दूध, थंडाई आणि मटणाच्या रश्श्यावर तयार झाले, आणि तेही मिसरूड फुटल्यावर. दुसरीतल्या पोराला तालमीत न्यायचं तर खुशाल न्या, मातीत लोळू दे, दोर चढू दे. भूक आपोआप लागेल.

'किडकिडीत' हा शब्द मी आयांकडून इतका ऐकते, की आता थेट वजनकाट्याकडं बोट दाखवते. चार वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढतं. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करा, शेजारी तारीख लिहा, सहा महिन्यांनी बघा. वाढ चालू असेल तर किडकिडीत पोर हे नुसतं किडकिडीत पोर आहे, त्याचे वडीलही त्या वयात कसे होते ते सासूबाईंना विचारा. वाढ थांबली असेल, वजन उतरत असेल, सारखं आजारी पडत असेल, तर पावडरीनं ते झाकू नका, डॉक्टरांकडं जा.

एक गोष्ट कोल्हापुरात बोलायला जरा धीर लागतो, पण बोलते : दूध जास्त होऊ शकतं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं दूध उभ्या-उभ्या पिणारं गाव आपलं, त्यामुळं पोरानं दोन मोठे ग्लास म्हशीचं दूध रिचवलं की घर खूश. पण त्यानं पोट भरतं, आणि मग ते जेवत नाही. दुधात लोह नावालाच असतं. तीन वर्षांच्या मुलीला तर दिवसाला अर्ध्या लिटरच्या आतच ठेवा. आणि सकाळचा चहा-चपातीचा रिवाज असेल तर मुलांचा चहा तेवढा बंद करा, जेवणातलं लोह तो अंगी लागू देत नाही. उसळीवर लिंबू पिळलं की उलट ते जास्त लागतं. काकवी-भाकरी द्या, चवीला तोड नाही, पण गुळा-काकवीतून रक्त वाढतं यावर फार भिस्त ठेवू नका, शेवटी ती साखरच. त्यापेक्षा हुलग्याचं माडगं, पालेभाजी, अंडं, आणि घरात चालत असेल तर आठवड्यातून एखाद वेळी कलेजी.

तरीही शंका असेल तर दोघांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. मुलाचं ११.५ च्या खाली किंवा मुलीचं ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. त्याला डॉक्टर लोहाचं औषध मोजून देतील, गमीनं तो भरून निघत नाही. भूक लागायचं सिरप म्हणून मेडिकलमध्ये जे हातावर ठेवतात, तेही चिठ्ठीशिवाय नको, त्यातल्या बऱ्याच औषधांनी मूल दिवसभर पेंगतं.

तर तुमच्या घरापुरतं : प्रोटीन पावडर बंद, ती मिस्टरांची मिस्टरांनाच लखलाभ. चॉकलेटी पावडर कमी करत बंद. उरलेल्या गमी, मुलं चांगलं जेवत असतील तर द्यायची गरज नाही. दोन गमींमागं दोन-चार ग्रॅम साखर जाते आणि ती दातांना चिकटून बसते, एवढाच हिशेब. शाकाहारी असाल तर जिलेटिन लिहिलंय का तेही बघून घ्या, ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून बनतं.

राहिल्या नणंदबाई. त्यांनी प्रेमानं आणलं, आणि तिकडं प्रत्येक दुकानात त्या गमी रचून ठेवलेल्या असतात, त्यामुळं त्यांना त्यात वावगं वाटलं नाही. फोनवर 'तुमच्या गमींनी पोरीला काहीतरी झालं असतं' असं सुरू करू नका, बोलणं तिथंच संपेल. झालेला प्रकार मिस्टरांनी सांगू दे, बहीण त्यांची आहे. तुम्ही फक्त म्हणा, "ताई, पोरीला गोड दिसलं की राहवत नाही, डॉक्टरांनी वरच्या गोळ्या बंदच करायला सांगितल्यात, तेव्हा पुढच्या वेळी गमी नका आणू." डॉक्टरांचं नाव पुढं केलं की कुणाच्या मानाला लागत नाही, आणि आधी डॉक्टरांना तसं विचारून घ्या, म्हणजे खोटंही ठरणार नाही. त्यांनी "मग काय आणू?" असं विचारलं, आणि त्या विचारणारच, तर तयार उत्तर ठेवा. मुलाला रंग, मुलीला गोष्टींची चित्रांची पुस्तकं, आणि सासूबाईंना रक्तदाब मोजायचं मशीन. ते मात्र रोज वापरलं जाईल.